पोळ्याच्या दिवशी भरती

सकाळी आठ वाजता माझ्या फळ्यावर सगळं कसं चोख होतं. सहा खाटा, सहा नावं, त्यातल्या चार नावांपुढे खडूने 'छुट्टी' लिहिलेलं, आणि चार नंबरच्या खाटेपुढे बाण काढून 'पुष्पा, जामटोली, आज भरती'. रक्ताच्या दोन बाटल्या आदल्या संध्याकाळीच नागपूरहून बर्फाच्या डब्यात आल्या होत्या आणि फ्रिजमध्ये उभ्या होत्या. भूल देणारे डॉक्टर श्रीकांत दर बुधवारी दहाच्या गाडीने नागपूरहून येत आणि सहाच्या गाडीने परत जात. आज बुधवारच होता. ऑपरेशनची कापडं उकळून, वाळवून, घड्या घालून तयार. जनरेटरमध्ये डिझेल. मी दोन पावलं मागे सरून फळ्याकडे पाहिलं आणि खरं सांगते, माझं मलाच कौतुक वाटलं.

सौंसरच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड चालवायचं काम माझ्याकडे होतं. औषधं आणि टोचणं डॉक्टर अलका आणि शोभा सिस्टर बघत. मी बाकीचं सगळं बघायची. कोण कधी येणार, कोण कधी जाणार, चादरी किती, गरम पाणी किती वाजता, आयांच्या पाळ्या, कुणाच्या नवऱ्याला बाहेर काढायचं आणि कुणाच्या सासूला आत घ्यायचं. नागपूरला बी.ए. झाले, लग्न होऊन इथे आले, चिमी झाली, आणि ती पाच महिन्यांची असताना ही नोकरी धरली. हे सगळं शहाऐंशी सालचं. तेव्हा चिमी दहा महिन्यांची होती. लोक मला 'मॅनेजर बाई' म्हणत. शोभा सिस्टरला चिडवायची हुक्की आली की ती 'साहेब' म्हणे.

पुष्पाची गोष्ट आधी सांगायला हवी. सातव्या महिन्यात तिला अचानक रक्त जाऊ लागलं, तेव्हा ती दहा दिवस आमच्याकडे होती. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर सरकलेली. डॉक्टर अलकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुधा, ही घरी कळा सुरू होईपर्यंत थांबली तर आपल्या हातात काही राहणार नाही. कळांच्या आधी ती माझ्या टेबलावर पाहिजे. तारीख तू ठरव, पण रक्त, भूल आणि खाट हे तिन्ही एकाच दिवशी जुळव." त्या दहा दिवसांत मी येता-जाता तिच्या चादरीकडे बघायची. पांढरी आहे ना? अजून पांढरी आहे ना? मी स्वतः नुकतीच बाळंतपणातून उठलेली, माझ्या डोळ्यांना ती सवयच लागली होती. ती मात्र हसायची. "बाई, तुमी चादरीलेच जास्त पायता, मले कमी."

तर मी सगळं जुळवलं. टेबलावरची ट्रस्टची डायरी उघडली, पहिल्या आठवड्यातला बुधवार शोधला आणि कार्डावर ठळक अक्षरात लिहिलं: तीन सप्टेंबर. तिचे सासरे तुळशीराम यांच्या हातात कार्ड दिलं. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घातलं, मान हलवली, "हाव" म्हणाले.

आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला झटका बसला. दोन नंबरच्या खाटेवर कमल, तिचा मुलगा सहा दिवसांचा, दोघं ठणठणीत. मी तिच्या आईला म्हटलं, "चला आजी, सामान बांधा. छुट्टी."

"आज?" आजीने हातातली वाटी खाली ठेवली. "बाई, आज अमावस्या हाय."

"मग?"

"मग काय? ओल्या बाळंतिणीले घेऊन अमावस्येले घराबाहेर निंगू? तुमी शिकलेल्या बाया, तुमाले चालते. आमाले नाई चालत."

तीन नंबर म्हणाली तेच, चार नंबर म्हणाली तेच. सहा नंबरच्या सासूने तर उत्तरच दिलं नाही, पांघरूण ओढून सुनेच्या पायथ्याशी झोपून गेली. मागच्या अमावस्यांना असं एखादीचं व्हायचं, पण तेव्हा खाटा रिकाम्या असायच्या, म्हणून मला कधी टोचलं नव्हतं. डायरीत सुट्ट्या असतात, तिथी नसते.

"साहेब," शोभा सिस्टर तोंडावर हात ठेवून हसत होती, "फळा पुसू का?"

"हात लावून बघ," मी म्हटलं. मला हसू येत नव्हतं. पुष्पा येणार, आणि मी तिला कुठे निजवणार?

दहा वाजता नागपूरची गाडी आली. गाडीचा कंडक्टर गजानन म्हणजे आमच्या दवाखान्याचा अर्धा नोकरच. चिठ्ठ्या, औषधं, रक्ताचा डबा, सगळं त्याच्या हाती. डॉक्टर श्रीकांतांची पेटी घेऊन तो आत आला तसं मी विचारलं, "गजाननभाऊ, बोरगावच्या फाट्यावर बैलबंडी दिसली का? जामटोलीची पेशंट यायची आहे."

"बंडी?" तो पेटी खाली ठेवता ठेवता थांबला. "आज? मॅडम, नागपूर ते सौंसर, आज रस्त्यावर एक बंडी दाखवा, वर्षभर फुकट फिरवतो तुम्हाला."

"का?"

"पोळा हाय ना! आज बैल कोण जुंपते?"

पोळा आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळी घरी सासूबाईंनी पुरण शिजत टाकलं होतं, मी स्वतः डाळ निवडून दिली होती. पण माझे वडील नागपूरला पोस्टात. आमच्याकडे पोळा म्हणजे शाळेला सुट्टी आणि पुरणपोळी. आमच्या दारात बैल कधी नव्हता. जामटोली बोरगावपासून आत तीन किलोमीटर, चिखलाचा रस्ता, मध्ये नाला. तिथून नऊ महिने भरत आलेली बाई बंडीशिवाय कशाने येणार, हे मी त्या डायरीत बघितलंच नाही. आणि ज्या दिवशी अख्ख्या तालुक्यात एकही बंडी हलत नाही, नेमका तोच दिवस मी ठळक अक्षरात लिहून दिला होता.

"जीप?" डॉक्टर अलकांनी विचारलं.

"पांढुर्ण्याला." उद्या तिथे गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक. दरवर्षीप्रमाणे आमची जीप, दोन ड्रेसर आणि पट्ट्यांची पेटी आदल्या दिवशीच तिकडे गेली होती. मी फोन उचलला. पांढुर्ण्याची लाइन मिळेना. पुन्हा उचलला. ऑपरेटर म्हणाला, "बाई, आज सगळे तिकडेच फोन करून राहिले, थांबा ना थोडं."

"उद्या आली तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

"उद्या श्रीकांत नाही. रक्त आज आहे, उद्याही चालेल, पण भूल कोण देणार? आणि सुधा..." त्या हळू बोलल्या. "तिची तारीख जवळ आलीय. मी एकेक दिवस मोजतेय."

गंमत अशी की त्याच क्षणी अंगात काहीतरी वेगळंच चढलं. भीतीच होती, पण तिला पाय फुटले होते. गजाननची गाडी अकराला परत नागपूरला सुटायची. म्हणजे माझ्याकडे पाऊण तास.

"भाऊ, मी येते तुमच्या गाडीने. कॅनव्हासचं स्ट्रेचर घेऊन."

"या. परत येताना मी साडेतीनला फाट्यावर असतो. पाच मिनिटं थांबीन," तो म्हणाला, आणि बोट वर केलं. "सहा नाई."

आधी खाट. मी सरळ कमलच्या आईसमोर जाऊन बसले, जमिनीवर.

"आजी, मी तुम्हाला घरी पाठवत नाही."

"मंग?"

"बाजूची ओपीडीची खोली आज बंद आहे, सुट्टी आहे. तिथे चार गाद्या टाकते. पंखा आहे. आज तिथे राहा, उद्या घरी जा."

आजी विचारात पडली. मग दाराकडे बघून म्हणाली, "पण उंबरठा तं ओलांडावा लागंनच ना?"

मी उठले, दारापाशी गेले आणि वाकून फरशीवर हात फिरवला. "कुठे आहे उंबरठा? बघा. स्ट्रेचर अडतं म्हणून या दवाखान्यात उंबरठाच ठेवलेला नाही. इथून तिथपर्यंत सपाट."

आजी स्वतः उठून आली. खाली पाहिलं, पायाने चाचपलं. पलीकडच्या दाराचंही चाचपलं.

"नाईच हाय," आजी म्हणाली. आणि वॉर्डात वळून मोठ्याने हुकूम सोडला, "चला वो, उठा! उंबरठा नाई. हे एकच घर हाय."

दहा मिनिटांत चार बाळंतिणी, चार बाळं, चार आज्या, डबे, लंगोट, शेकायच्या शेगड्या सगळं पलीकडे. मी फळ्यावरच्या चार 'छुट्टी' पुसल्या, 'ओपीडी' लिहिलं. चार नंबरची खाट रिकामी, चादर पांढरी.

क्वार्टर दवाखान्याच्या मागेच होतं. पळत गेले, उभ्या उभ्या चिमीला पाजलं. सासूबाईंचे हात पुरणाने भरलेले. माझ्या खांद्यावरचं स्ट्रेचर बघून त्यांनी एकच विचारलं, "कोणाची सून?"

"जामटोलीच्या तुळशीरामांची."

"जा. चिमी राहते माझ्यापाशी. लुगड्याचा काष्टा घालून जा, तिकडे चिखल हाय."

मला काष्टा घालता येत नव्हता. साडी वर खोचून गेले.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी गजाननने मला फाट्यावर उतरवलं. तिथून आत चिखल, दोन्हीकडे कपाशी, संत्र्याच्या बागा, आणि एकही माणूस नाही. स्ट्रेचर खांद्यावर, चपला हातात. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. सारखं वाटत होतं, मी पोहोचेन तेव्हा तिथे रडणं ऐकू येईल. पण ऐकू आली ती ढोलकी.

जामटोली नटली होती. दारोदार पळसाच्या डहाळ्या. बैल नाल्यावर धुऊन आणलेले, शिंगांना लाल-पिवळा रंग, त्यावर बेगड, पाठीवर आरशांच्या झुली. पोरं त्यांच्या पायांत घुटमळत होती. तुळशीरामांच्या अंगणात त्यांची पांढरी जोडी उभी होती, आणि ते स्वतः एका बैलाच्या शिंगाला गोंडा बांधत होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"बाई? तुमी इकडं कशा?"

"कार्ड दिलं होतं बाबा. आज तीन तारीख."

"हाव. हिरामणनं वाचलं होतं." हिरामण म्हणजे त्यांचा मुलगा, पुष्पाचा नवरा. तो मागेच उभा होता, हात रंगाने माखलेले. "तीन तारीख म्हणजे पोळा, हे पायलं. म्हटलं, दवाखान्यातले लोक काय पोळ्याच्या दिवशी बोलावतीन? अंदाजानं लिहिलं असंन. उद्या कर झाली की परवा जाऊ म्हटलं."

"आज यायला पाहिजे. आजच. बंडी जुंपा ना."

ढोलकी थांबली.

तुळशीराम रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "बाई, काल संध्याकाळी म्या यांच्या खांद्याले तूप-हळद लावली. हात जोडून म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आता जेवाले बोलावलेल्या पाहुण्याच्या मानेवर जू ठेवू? तुमीच सांगा."

मी नागपूरच्या कॉलेजात वादविवादात बक्षीस घेतलेली, आणि इथे दोन पांढऱ्या बैलांनी मला हरवलं. आणि तेवढ्यात माझं लक्ष घराच्या दाराकडे गेलं.

पुष्पा दारात आली होती, माझ्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन. तिने एक हात चौकटीवर ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, धरला होता. अंगावर जुनी, धुवट साडी. सणाच्या दिवशी, भर दुपारी, जुनी साडी? मी घरामागे पाहिलं. परसातल्या दोरीवर एकटाच एक परकर वाळत होता, ओला, खाली टपटपत.

मी तिला आत नेलं. "किती वेळ झाला?"

ती खाली बघत होती. "सकाळपासून. थोडंच हाय."

"दुखतंय?"

"नाई. म्हणूनच तं वाटलं काई नाई."

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"पुरण वाटून राहिली होती ना," ती म्हणाली. "सगळे खुशीत हायेत बाई. आज काहून सांगू?"

मी बाहेर आले. तुळशीरामांच्या अगदी जवळ जाऊन हळूच बोलले, अंगणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"बाबा, तारीख मी चुकवली. डायरीत बुधवार पाहिला, पोळा पाहिला नाही. चूक माझी आहे. पण रक्त तिचं जाऊन राहिलं. सकाळपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग वळून बैलांपाशी गेले. एकाच्या मानेवर हात ठेवला, वशिंडापासून खाली फिरवला. मला वाटलं, आता दावं सोडतील. मला वाटलं, सोडा, सोडा. आणि खरं सांगते, त्याच वेळी आत कुठेतरी असंही वाटलं की यांना हे माझ्यामुळे करावं लागतंय.

त्यांनी दावं सोडलं नाही. ते बैलांना वळसा घालून मागे गेले, जिथे बंडी उभी होती. खाली वाकले, जू उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवलं.

"हिरामण. दुसऱ्या बाजूनं ये."

"बाबा, तुमी?"

"पाहुणे जेवतीन," तुळशीराम म्हणाले. "आपून घरचे हावो. घरच्यानं कामं करावी."

मग दादाराव म्हणून त्यांचा सालदार होता, वर्षभर याच बैलांमागे चालणारा, तो पुढे आला आणि तुळशीरामांना खांद्याने बाजूला सरकवू लागला. "सरका मालक, तुमाले हाकायचं जमते, ओढायचं नाई." "तू सरक! माह्या घरची सून हाय." "माही काय कोणी नाई लागत?" शेवटी दोघंही राहिले, एका बाजूला दोन. मग काय, पाच मिनिटांत बारा-तेरा माणसं! कोणी जुवाला, कोणी चाकाला, कोणी मागून रेटायला. बंडीत कडबा टाकला, त्यावर गोधडी, त्यावर माझं स्ट्रेचर. पुष्पाच्या पायाखाली मी कापसाचं गाठोडं सारलं, पाय उंच राहायला हवेत म्हणून, आणि तिच्या उशाशी बसले.

एक म्हातारी आरतीचं ताट घेऊन धावत आली. बैलांसाठी केलेलं ताट. तिने सरळ तुळशीरामांच्या कपाळाला कुंकू लावलं, त्यांच्या तोंडात पोळीचा तुकडा कोंबला. "खाय रे बैला! आन् चाल बेगीन!"

गाव हसलं. तुळशीरामही हसले, तोंडात पोळी घेऊन. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. ढोलकी पुन्हा सुरू झाली आणि आम्ही निघालो.

त्या तीन किलोमीटरचं काय सांगू! पोरं पुढे पळत होती, दगड बाजूला करत. "डावा बैल कामचोर हाय!" मागून कोणी ओरडलं. हिरामण डावीकडे होता. "बायको बंडीत अन् म्हणे कामचोर!" तो उलट ओरडला. "गोंडा नाई बांधला म्हणून रुसला तो!" दुसरा कोणी म्हणाला. पुष्पा हसली आणि मी तिच्या ओठांचा रंग बघितला. गुलाबी. थोडे फिके, पण गुलाबी. दर शंभर पावलांवर मी कापड बघत होते. एक कापड बदललं. दुसरं बदललं. कोणाला काही बोलले नाही, फक्त तुळशीरामांनी मागे वळून पाहिलं की मान हलवायची, म्हणजे चालतंय. ते काही विचारत नव्हते, पण दर थोड्या वेळाने वळत होते.

नाल्यात चाक रुतलं. उजवं चाक, अर्ध्यापर्यंत. एकदा रेटलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. तीन वाजले होते. मी घड्याळ बघत होते आणि मनात गजाननचं ते वर केलेलं बोट दिसत होतं. पुष्पाने माझा हात धरला आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा आवळला.

"काय झालं?"

"कळ आली वाटते."

"उतरवा!" मी ओरडले. कोणाला, कसं, मला माहीत नव्हतं. "बंडी सोडा! स्ट्रेचर उचला!"

चौघांनी पाण्यात उभं राहून स्ट्रेचर उचललं, थेट डोक्यावर, आणि पुढे. बाकीचे बाजूला, तोल जाऊ नये म्हणून. तुळशीराम पुढून डाव्या कोपऱ्याला, धोतर चिखलाने काळं, कपाळावर कुंकू. बंडी तिथेच नाल्यात राहिली.

साडेतीन होऊन वीस मिनिटं झाली होती. आम्ही शेवटच्या वळणाला होतो आणि फाट्यावर गाडी उभी होती. आतले प्रवासी खिडक्यांतून ओरडत होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि गजानन गाडीच्या पुढे रस्त्यात उभा राहून सगळ्यांशी भांडत होता. "अरे सांगितलं ना, टायर थंडा करून राहिलो! टायर गरम झाला तर तुम्ही ढकलणार का?" आम्हाला बघितलं आणि त्याने मागची लांब सीट रिकामी करायला सुरुवात केली. "उठा उठा, पेशंट हाय, उठा!"

तुळशीराम, हिरामण, दादाराव आणि अजून एक, असे चौघं चिखलासकट आत चढले. हिरामण खिशात हात घालून पैसे शोधू लागला. गजाननने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ठेव. बैलांचं तिकीट नसते."

सौंसरला चार वाजून वीस मिनिटांनी. शोभा सिस्टर दारातच होती. चार नंबरच्या खाटेला पुष्पाची पाठ लागलीच नाही. स्ट्रेचर सपाट फरशीवरून सरळ ऑपरेशनच्या खोलीत गेलं. डॉक्टर श्रीकांत हात धुऊन तयार. "मी म्हटलं, तुम्ही येत नाही," ते म्हणाले. दार बंद झालं.

आता माझं काम नव्हतं. म्हणजे होतं, मी शोधून काढलं. जनरेटर तपासला. गरम पाणी तपासलं. बाळाला गुंडाळायचं कापड शेगडीवर गरम करून आणलं. फ्रिज उघडला तर दोन्ही बाटल्यांची जागा रिकामी. दोन्ही. मी फ्रिजचं दार धरून तशीच उभी राहिले, थंड हवा तोंडावर येत होती. दोन बाटल्या म्हणजे खूप गेलं. याहून जास्त माझ्याकडे नव्हतं. मी दोनच मागवल्या होत्या. तीन का नाही मागवल्या?

बाहेर व्हरांड्यात चौघं भिंतीला टेकून बसले होते. कमलची आई त्यांच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी. "पाय धुवा आधी. बाळंतिणींचं ठिकाण हाय. असे चिखलानं येतात काय?" चौघं गुपचूप उठून नळावर गेले. तुळशीराम परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याचा खांदा फाटलेला मला दिसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मान हलवली नाही. मला माहीत नव्हतं. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघंही त्या बंद दाराकडे बघत राहिलो.

चार पन्नासला आतून आवाज आला. आधी बारीक, मांजरीसारखा. मग मोठा. मग असा मोठा की ओपीडीतली चारही बाळं जागी झाली आणि त्यांनी साथ धरली.

पण तुळशीराम हलले नाहीत. मीही नाही. आम्हाला दुसरं ऐकायचं होतं.

डॉक्टर अलका बाहेर आल्या तेव्हा त्यांचा गाऊन रक्ताने भरला होता. त्यांनी मास्क खाली केला. "मुलगी. आणि पुष्पा ठीक आहे. रक्त थांबलंय." मग माझ्याकडे वळून, "अजून अर्धा तास उशीर झाला असता, तर मी तुला हे सांगितलं नसतं. आता जा, आधी पाणी पी."

तुळशीरामांनी हात जोडले. दादाराव म्हणाला, "मालक, खाली बसा आता. जू उतरलं."

सहाची गाडी गेली. डॉक्टर श्रीकांत गेले नाहीत. पुष्पा पूर्ण सावरेपर्यंत थांबतो म्हणाले, आणि सासूबाईंनी पाठवलेल्या पुरणपोळ्या त्यांनी मोजून पाच खाल्ल्या. मी चिमीला मांडीवर घेऊन चार नंबरच्या खाटेशेजारी बसले होते. पुष्पा पाठीवर पडलेली, कमरेखाली अजून बधिर, मुलगी तिच्या कुशीत. चादर पांढरी होती. मी दोनदा पाहिली.

तिने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"बाई, पोळा फुटला काय?"

मी गोंधळले. संध्याकाळी बैल तोरणाखाली गोळा करतात आणि मग पोळा फुटतो, एवढं मला ठाऊक होतं. "माहीत नाही ग. का?"

"आमची जोडी तोरणाखाली कोण नेली मंग? बाबा इथं, हे इथं, दादारावभाऊ इथं..."

दाराशी चौघं उभे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तुळशीरामांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. दुपारपासून जिच्या मागे सगळे धावले होते, तिनेच आता बैलांची आठवण करून दिली.

"अबे," हिरामण म्हणाला, "बैलं तं अंगणातच हायेत."

"झुलीसकट," दादाराव म्हणाला.

"आन् बंडी नाल्यात," चौथा म्हणाला.

पुष्पा हसायला लागली. आधी नुसती ओठांनी, मग पूर्ण, खांदे हलवून, आणि तिला पाहून हिरामण, मग सगळेच.

"ए, हसू नको!" शोभा सिस्टर तिकडून धावत आली. "टाके आहेत! साहेब, तुम्हीपण? सांगा ना तिला, हसू नको म्हणून!"